एफ-वन दाबा

पहाटे पाच चाळीस. नारीनला उणे एकतीस.
रात्री गेलेली वीज आत्ता आली
आणि हवामान-केंद्राचं यंत्र काळ्या पडद्यावर
पांढऱ्या अक्षरांत म्हणालं,
पुढे जायचं तर एफ-वन दाबा.

दाबलं.
पुन्हा दाबलं. मग जोरात, बहिऱ्याशी बोलावं तसं.
कीबोर्डवरचा हिरवा दिवा लागलाच नाही.
वायर काढली, फुंकर मारली, मागे खोचली, पुढे खोचली.
बिश्केकला साबिरबेकला उठवलं.
जांभई देत म्हणाला, "अनारकुल, तारीख काय दाखवतंय?"

एक जानेवारी दोन हजार दोन.

"मग आतला सेल संपला. बटणाएवढा असतो.
वीज गेली की ते सगळं विसरतं, तुझा हा कीबोर्डसुद्धा.
विंडोज उठली की ओळख पटेल,
पण तोवर तू दाराबाहेर.
जुना आहे का एखादा, गोल पिनांचा?"

सहाचं निरीक्षण सहाला जायला हवं.
बर्फ मोजून झालेलं, चव्वेचाळीस सेंटिमीटर,
आकडा तळहातावर निळ्या पेनाने.

कोठीत, फाटक्या फुग्यांच्या खोक्याखाली
ताश्तानबेकचा कीबोर्ड.
सिगारेटच्या धुराने पिवळा पडलेला,
शून्याचं बटण पार गुळगुळीत.
पंधरा हिवाळे त्याने उणे अमुक, शून्य तमुक टंकलं.
एक पिन वाकलेली, ती सुईने सरळ केली.
यंत्र आधी बंद केलं, मगच जोडला
(हे त्यानेच शिकवलं होतं, ओरडून).

हिरवा दिवा.

गवत कापून झालं तेव्हापासून
आई मला जिपार म्हणते. तिची थोरली बहीण.
सुरुवातीला मी सांगायची, अगं, मी अनारकुल.
आता हाक येते, "जिपार, दूध उतू चाललंय,"
आणि मी जिपारमावशीसारखी
डाव्या पायाने जराशी लंगडत चुलीकडे जाते.

एफ-वन.
निळ्या पानावर तारीख हाताने भरली,
वर्षांमागून वर्षं, एकच बटण दाबत.
यंत्राने मधल्या काळाची चौकशी केली नाही.
यूएसबीपुढचं "बंद" होतं ते "चालू" केलं,
वीज गेली की पुन्हा विसरेल, ठाऊक असून.

सहा अकराला निरीक्षण गेलं.
वहीत लिहिलं: उशीर अकरा मिनिटं. कारण, सेल.
ताश्तानबेकचा कीबोर्ड कोठीत परत ठेवला नाही,
टेबलावर नव्याच्या शेजारी राहू दिला.
सेल मंगळवारच्या गाडीने येईल म्हणतात,
खिंड उघडी असली तर.