चार नंबर

नळेगावच्या पुढं चढ लागला
की गाडी खोकायची.
उतारावर पाय उचलून पुन्हा ठेवला
की मागं निळा धूर, एवढा
की आरशातली एसटी पुसून जायची.
पाठीवर अकरा टन तूरडाळ.
दर दुसऱ्या खेपेला काडी ओढून बघायचो,
तेल खालच्या खुणेच्याही खाली.

रात्री इंजिनाखाली पुठ्ठा अंथरला,
टीव्हीच्या खोक्याचा.
सकाळी कोरडा.
एक डाग होता, तो नागनाथच्या चहाचा.
सांडत नाही, गळत नाही,
मग जातंय कुठं?
मालक म्हणाला, "विकूलालास काय रं?"
हसत म्हणाला. पण म्हणाला.

उदगीरला नांदेड नाक्यावर ताजोद्दीन मिस्त्री.
वय विचारलं तर ट्रकचं मॉडेल सांगतो.
आधी रेडिएटरात डोकावला:
साय नाही, तवंग नाही.
काडीवरचं तेल दोन बोटांत चोळलं, हुंगलं.
मग तेलाचं झाकण काढून
धापा टाकणाऱ्या भोकावर तळहात धरला,
तापल्या लेकराच्या नाकाशी धरावा तसा.
"फुकूलाली," म्हणाला. बास, एवढंच.

लांब पेचकसाचं टोक ब्लॉकवर,
मूठ कानामागं, डोळे बंद.
मला म्हणाला, बोलू नको.
मी बोलतच नव्हतो.

मग पाना घेऊन एकेक नोझलचा नट ढिला करू लागला.
एक: इंजिन लंगडलं. आवळला.
दोन: लंगडलं.
तीन: तसंच.
चार ढिला केला
आणि काहीच झालं नाही.
डिझेल मनगटावर उडत राहिलं,
इंजिन आपलं आधीच्याच चालीनं चालू,
त्या खोलीत कधीचं कुणी राहतच नव्हतं जणू.

"मिसिंग घावली," मिस्त्री म्हणाला,
"आता तेलाचं बघू."
नोझल निघाली ती काजळ माखून, ओलीगच्च.
"हिचा काय दोष? खालून तेल येऊलालंय,
हिच्यावर जळूलालंय."

तिसऱ्या दिवशी चार नंबरचा पिस्टन बाहेर आला.
रॉकेलच्या ताटलीत रिंगा.
मिस्त्रीनं मधली उचलली, फडक्यानं पुसली,
उन्हाकडं धरली.
दिवाळीत लातूरला डोळ्याचं ऑपरेशन झालेलं,
आता चष्म्यावाचून दिसतं, सगळ्यांना सांगतो.
बराच वेळ काही सांगितलं नाही.

"मुबीन, ये. वाच."
पोरानं वाचलं, "टॉप."
"ही बाजू कुठं होती, काढली तवा?"
"खाली, चाचा."
"कुणी बसवली?"
पोर पान्यांच्या पेटीकडं बघायला लागलं.
दोन वर्षांमागं हे इंजिन कुणी बांधलं
ते मला ठाऊक होतं.
मीही पेटीकडं बघितलं.
"मी बसवली," मिस्त्री म्हणाला,
शेजारच्या पत्रेवाल्याची हातोडी थांबेल एवढ्यानं.
"तवा हे अक्षर मला ओरखडा दिसायचा."

मालकाला फोन त्यानंच लावला.
"शेठ, तुमचा ड्रायव्हर तेल विकत नव्हता.
माझ्या हातानं जळूलालं."
तिकडून काय आलं, ऐकू आलं नाही.
फोन बंद झाल्यावरही
मिस्त्री त्याच्याकडं बघत उभा.
मग म्हणाला, "सामानाचे पैसे द्या. मजुरी नको.
आन् बाकीचे पाचबी काढ रं, मुबीन."

पाचही बरोबर निघाले.
त्यानं त्याला बरं वाटलं नाही.
जेवणाचा डबा तसाच परत गेला.

सहाव्या दिवशी डाळ भरून निघालो.
नळेगावच्या चढावर नागनाथनं रेडिओ बारीक केला.
खोकली नाही.
उतारावर मुद्दाम पाय उचलला, ठेवला,
आरशात बघितलं.
मागं एसटी, स्वच्छ,
आत ड्रायव्हर जांभई देऊलाला होता.