झोपेत दात खाते

चौदा नंबरची गाडी पिटमध्ये आली तेव्हा
हुपरी रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या
आणि माझ्या स्क्रीनवर सगळं हिरवं होतं.
तापमान हिरवं. करंट हिरवा. कंपनं मर्यादेत.
पुण्याहून आलेले साहेब, पांढरे बूट,
म्हणाले, छान, अजून वीस लॅप मारा.

दस्तगीरचाचा तेवढ्यात उठले.
त्यांना बोलावलं होतं फक्त जॅकसाठी,
आमचा जॅक सकाळपासून तेल गळत होता.
उद्यमनगरात त्यांचं शेड, आठ बाय दहा.
आडनाव शिकलगार. आजा तलवारींना धार लावायचा,
बाप चरकाचे रूळ घासायचा,
हे चाळीस वर्षं मोटारसायकली बांधत आलेले,
दुसऱ्यांनी पळवायच्या.

चाचांनी लांब पेचकस काढला,
टोक मोटरच्या पोटाला, मूठ कानामागच्या हाडाला.
म्हणाले, फिरव. सावकाश.
चाकं हवेत फिरत राहिली.
इंजिन नाही, धूर नाही, फक्त एक बारीक शीळ,
मोकळ्या वर्गात पंखा राहून जातो तशी.
डोळे मिटूनच ते बोलले,
ही झोपेत दात खातीया.

साहेब हसले.
मीही हसले असते कदाचित,
चार वर्षं मी पुण्यात ‘न्हाई’चं ‘नाही’ करत होते.
पण माझी मावशी झोपेत दात खायची
आणि तिच्याशेजारी निजलेल्या माणसालाच ते कळायचं,
तिला कधीच नाही.

रात्री अकराला मोटर उघडली.
बेअरिंगच्या आतल्या कडीवर
उसाच्या रानात पाडतात तशा सऱ्या,
एकसारख्या, नखाला जेमतेम लागणाऱ्या.
वीज निघाली होती जमीन शोधत.
तिला कुणी वाट ठेवली नव्हती,
म्हणून ती दांड्यातून, तेलाच्या पापुद्र्यातून
गोळ्यागोळ्यावरून उड्या मारत गेली.
दर उडीला एक खड्डा.
सेकंदाला हजारो उड्या.

कुण्या शिक्षिकेच्या गाडीत हे पाच वर्षांनी झालं असतं,
गगनबावड्याच्या घाटात, मागे दोन मुलं झोपलेली.
आमच्या गाडीत तीन दिवसांत झालं.
त्यासाठीच तर तिला इतकं पिदडायचं,
तापवायचं, ब्रेकवर उभं करायचं, पुन्हा सोडायचं.
शर्यतीत आम्ही सातवे आलो.
अहवालात तो आकडा कुणी वाचलाही नाही.

साहेबांनी मात्र सऱ्यांचे फोटो
स्वतःच्या मोबाइलवर काढले, चार-चारदा,
आणि पांढऱ्या बुटांवर ग्रीस सांडलं ते त्यांना कळलंच नाही.

पुढे सिरॅमिकचे गोळे आले,
दांड्याला टेकून बसणारा एक छोटा ब्रश आला,
विजेला घरी जायला सरळ वाट.
पान एकेचाळीसवर लिहिलंय:
‘दोष श्रवणाद्वारे आढळला.’
कुणाच्या श्रवणाद्वारे, ते नाही.
अहवाल मीच टाइप केला होता.

यंदा तीच मोटर बसवलेली साधी गाडी घेतली,
राखाडी रंगाची, हप्त्यावर.
पहिल्या दिवशी चाचांना बसवून गंगावेशीत नेलं.
पहाट होती, कट्ट्यावर धार काढणं चाललं होतं.
आम्ही म्हशींच्या अगदी जवळून गेलो
आणि एकीनंही कान हलवला नाही.

चाचांनी पेचकस आणला होताच.
फूटमॅट बाजूला सारून टोक तळाला टेकवलं,
वाकून बराच वेळ ऐकत राहिले.
मी विचारलं, काय म्हणतीया?
‘न्हाई’सुद्धा माझ्या तोंडावर आलं होतं.
ते म्हणाले, कायबी न्हाई. गप हाय.
मग सीटवर नीट बसले, हात मांडीवर,
बोटांना काही काम सापडेना.

सिग्नलला त्यांनी काच खाली करायला लावली.
बाजूला एक जुनी बुलेट उभी होती.
चाचा अर्धे बाहेर झुकले, चेहरा उजळला,
अरे ए, त्या पोराला म्हणाले,
टॅपेट बघ तुझा डावा, टॅपेट!
पोरानं हेल्मेटमधून मान हलवली,
ऐकू न आल्यासारखी.