प्रथमदर्शनी

नुआर्कला, एका चर्चच्या तळघरात
दर मंगळवारी पिमेंटेलबाई मोफत वकिली करतात.
मी त्यांच्या शेजारी बसते.
इकडचं तिकडे न्यायचं,
पदरचं काही घालायचं नाही, सांडायचंही नाही.

वैजयंता मगदूम, गडहिंग्लजकडची,
कोट न काढताच बसली.
काय झालं ते सांगा, बाई म्हणाल्या. मी म्हणाले.
"तसं काही नाही."
एवढे तीन शब्द. इमानाने पलीकडे नेले
तर त्यांचं नथिंग झालं,
आणि बाईंनी पेन खाली ठेवलं.

दुसऱ्या मंगळवारी ती पुन्हा आली.

तारखा लागतात अर्जाला.
तारखा नव्हत्या तिच्याकडे. होतं ते असं:
बर्फामुळे शाळा बंद राहिल्या, त्याच्या आदल्या रात्री.
पासपोर्ट काढून घेतला तो दुसऱ्या माळेला.
फोन फोडला तेव्हा शेवग्याची आमटी होती,
आमटीवरूनच तर सुरू झालं.
बाईंनी हवामानाच्या जुन्या नोंदी उघडल्या,
मी गेल्या सालचं पंचांग,
आणि तिच्या रात्री आम्ही रकान्यांत बसवत गेलो
इथल्या रीतीने, महिना आधी.

"जाच" शब्दापाशी मी अडले.
मार त्यात असतो, नसतोही.
वाटीने मोजून दिलेला तांदूळ असतो,
हीटरच्या बटणावर बसवलेली कुलपाची पेटी,
"एक फोन केला की तुझी रवानगी"
हे वाक्य, जेवताना, मीठ मागावं तशा आवाजात.
कायद्यापाशी याला दोन कोरडे शब्द आहेत:
आत्यंतिक क्रौर्य.
होतं का क्रौर्य, मी विचारलं.
"क्रूर वाघ असतो, ताई. हा हिशेबनीस आहे."
मी ते तसंच्या तसं सांगितलं.
बाई क्षणभर हसल्या, मग बराच वेळ लिहीत राहिल्या.

हा अर्ज तुझा तू करायचास.
त्याच्या ग्रीन कार्डाच्या शेपटाला बांधलेला नाही हा.
त्याला कळवत नाहीत. सही लागत नाही.
"त्यांची? सही नको?"
अजून "त्यांची" म्हणत होती.

एक रकाना सुरक्षित पत्त्याचा.
जिथे पत्र आलं तर दुसरं कुणी फोडणार नाही असा.
तिने डोळे मिटून माहेरचा सांगितला,
मुक्काम, पोस्ट, पिनकोडसकट.
चालणार नाही गं, मी बोलून गेले.
बाई काही म्हणायच्या आतच. हे नियमात बसत नाही.
शेवटी बाईंच्या ऑफिसचा लिहिला.

पाच महिन्यांनी तिथे पाकीट आलं.
मंजुरी नव्हे. नुसतं एवढंच की
अर्जात प्रथमदर्शनी तथ्य दिसते.

"प्रथमदर्शनी" मी मराठीत म्हणाले
आणि ती थांबली.
निपाणीत काकांच्या घरी तिला बघायला आले होते,
चालून दाखव म्हणाले, दारापर्यंत जा, परत ये.
नऊ मिनिटं. तिने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं होतं.
"आणि यांनी मला न बघताच?"
यावर कुणी काही बोललं नाही.
वर चर्चमध्ये कोणीतरी खुर्च्या ओढत होतं.

पत्राची प्रत मिळाल्याची सही हवी होती.
ती सावकाश केली, आडनावासकट,
खाली तारीख घातली:
दिवस आधी, महिना नंतर.
मी दुरुस्त केली नाही.