नासकीच दे

आयुष्यभर मी फळं दाबून घेतली.
वर्तकनगर नाक्यावरच्या मुश्ताकला
माझा अंगठा पाठ आहे.
परवा त्याला म्हटलं, ती खालची दे,
काळी पडलेली, माश्या बसलेली. नासकीच दे.
त्याने आधी केळ्यांकडे, मग माझ्याकडे पाहिलं
आणि पैसे घेतले नाहीत.

सहा केळी, एक फुटका चिकू,
अननसाची सालं, मूठभर काळा गूळ.
बिअरसाठी मात्र स्वतः जावं लागलं,
एकाहत्तराव्या वर्षी, भाजीची कापडी पिशवी घेऊन,
जाळीच्या खिडकीशी, भर साडेअकराला.
"थंड देऊ का, काकी?"
"कशीही चालेल. फुलपाखरांना हवी आहे."
मागून रांगेतला एक जण म्हणाला,
"आमचंही तेच."

लोणच्याच्या बरणीत सगळं कालवलं.
दादरा बांधला, आईने शिकवला तसा,
एक टोक दातात धरून.
पण ओला हात, ओला चमचा, उन्हाची तिरीप,
ज्या ज्या गोष्टींपासून बरणी जपली चाळीस वर्षं
त्या सगळ्या आता मुद्दाम.

तिसऱ्या रात्री बरणी बोलायला लागली,
हळू, झोपेत कुणी पुटपुटावं तशी.
पाचव्या दिवशी टिपणीसबाईंनी बेल वाजवली.
"तुमच्याकडे काही... मेलंय का हो?"
उरलेली अर्धी बाटली फ्रिजच्या दारात होती,
ताकाच्या शेजारी.
ती त्यांना दिसली, आणि त्या पुढे काही बोलल्या नाहीत.

कुंडीखालची थाळी सुंभाने ग्रिलला टांगली,
येऊरच्या डोंगराकडे तोंड करून.
आधी चिलटं. मग मुंग्या, एका रेषेत.
मग एक गांधीलमाशी, जिने मला
माझ्याच गॅलरीतून दोन दिवस हाकललं.
जास्वंद फुलून गळत होती.
मी थाळीत रोज चमचाभर गूळपाणी घालत होते.

आज दुपारी ते आलं.
वाळक्या पानाच्या रंगाचं, एक पंख कातरलेला.
जास्वंदीकडे ढुंकूनही न बघता
सरळ त्या घाणीत उतरलं.
घड्याळाच्या स्प्रिंगसारखी सोंड उलगडली
आणि पीत राहिलं, पीत राहिलं,
खालून कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गेली तरी.
नाव मला अजून सापडलेलं नाही.

थाळीच्या काठाशी अंगठा ठेवला,
उगाच.
डुलत डुलत चढलं त्यावर.
फुलपाखरं पायांनी चव घेतात म्हणे.
सहा की चार, मोजता येईनात असे पाय
सुरकुत्यांवर एकेक टेकत,
थांबत, परत टेकत.
मी हलले नाही.
घे बाबा, म्हटलं,
नीट दाबून बघ.