उजवा रकाना

वहीत दोन रकाने.
डावीकडे आपला, उजवीकडे समोरचा.
डावं नाव शाईनं, उजवं पेन्सिलीनं,
कारण उजवं शेवटच्या आठवड्यात बदलतं:
कुणाची बरगडी जाते, कुणाची बायको अडून बसते,
कुणी आयत्या वेळी चार हजार वाढवून मागतो.

साठ किलोत मागाल तेवढी पोरं मिळतात,
नागपाड्याच्या एकेका गल्लीत अर्धा डझन.
पण नव्वदच्या वर, आणि पाय हलणारा,
आणि ठोसा आला की डोळे न मिटणारा,
असा माणूस हुडकत मी दारूखान्यात गेलो,
जिथं जुनी जहाजं फोडतात.
तिथं नौशाद परकार.
एकशे सहा किलो, खांद्यावर लोखंडी प्लेट,
तोंडात लिमलेटची गोळी.

पहिला दिला उल्हासनगरचा बाउन्सर. दीड मिनिट.
दुसरा पनवेलचा ट्रकवाला,
हेडगार्ड कुठाय, असं रिंगमध्ये विचारत होता.
तिसरा उंच, उंचाची सवय व्हावी म्हणून.
चौथा डावखुरा,
पण वय झालेला डावखुरा.
पायरी अशी निवडायची असते
की पाय ठेवला की करकरली पाहिजे,
मोडता कामा नये.

आमची ही म्हणते, त्यापेक्षा वधूवर मंडळ काढा,
तिथं निदान दोन्हीकडचे जेवून जातात.

पाचवा यशवंत तांडेल.
वेसाव्याच्या बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळी.
चार जिंकलेला, अकरा हरलेला,
एकदाही न पडलेला.
फोन उजव्या कानाला लावतो,
डाव्यात म्हणतो नुसती भरती चालू असते.
त्यानं एवढंच विचारलं, "समोरचा कसा आहे?"
मी म्हणालो, "तुझ्या जोडीचाच आहे."
हे वाक्य मी इतक्यांना दिलंय
की त्याच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्यात.

सहा राऊंड उभा राहिला तांडेल.
नौशाद नंतर संडासात जाऊन बसला, बराच वेळ.
तांडेलनं पाकीट मोजलं, अंगठा ओला करून,
आणि जाता जाता म्हणाला,
"पोरगा चांगलाय. उजवा टाकताना श्वास धरतो.
सांग त्याला."
मी सांगितलं नाही. जिंकत होता ना.

नऊ लढती, नऊ विजय.
भायखळ्याच्या पुलाखाली पोस्टर,
त्यात त्याच्या मुठी डोक्यापेक्षा मोठ्या.

मंगळवारी दुबईहून फोन आला.
आवाज अगदी माझाच,
घाई नसलेला, उधारी माहीत असलेला.
आमचा चौदा-शून्य आहे, म्हणाला.
तुमचा टिकतो ना?
पहिल्यातच पडला तर लोक ओरडतात.
चार-पाच राऊंड द्या, म्हणजे झालं.
मग आकडा सांगितला:
दारूखान्यातली सहा वर्षं, एका रात्रीत.

नाही म्हणता आलं असतं.
पण नौशाद एकोणतीसचा, गुडघा सुजतो,
आणि इथं त्याच्या वजनाचे उरलेत दोघे,
एक त्याचा मेव्हणा,
दुसरा आर्थर रोडला आत.
अजून एक ट्रकवाला शोधायचा? मग अजून एक?

वही उघडली.
दहावं पान. डाव्या रकान्यात
एक नाव लिहिलं, जे मला नीट उच्चारता येत नाही.
उजवीकडे, पेन्सिलीनं, परकार नौशाद.
अक्षर चांगलं आलं. माझं अक्षर नेहमीच चांगलं येतं.

संध्याकाळी तो मुठींना पट्ट्या गुंडाळत होता.
ट्यूबलाइट लुकलुकत होती, कुणीतरी दोरीवर उड्या मारत होतं.
मी सांगितलं, दुबई, तारीख, पैसे.
पट्टीचं टोक दातात धरून तो म्हणाला,
"समोरचा कसा आहे, मामा?"

वाक्य तोंडात तयार होतं.
मी म्हणालो, "उजवा टाकताना श्वास धरू नकोस."

त्यानं टोक दातातून सोडलं.
"ते ठीक आहे," म्हणाला,
आणि माझ्याकडे बघत राहिला.