मूळची किती

उभादांड्याच्या रोझालिनबाय सोजनं टेबलावर ठेवली,
जुन्या चादरीत गुंडाळलेली.
'बघ रे मेस्ता, विकूची आसा.
पणजेचो माणूस म्हणता, मूळची असात तर पैशे.'

सुरी कोमट पाण्यात बुडवून कडेनं फिरवली.
सरस सुटताना वास आला घोळीच्या भोताचा,
म्हणजे मागच्या वेळी इथंच, वेंगुर्ल्यात, कुणीतरी मिटली होती.

डोक्यावर खुंट्यांची सात भोकं,
तीन बुजवलेली शिसवीनं.
कंबर दोन्हीकडून कापून आत घेतलेली.
काठाची काळी रेघ मध्येच तुटते,
सुतारानं ती लपवलेलीही नाही.

एके काळी मोठी होती. गुडघ्यांत धरून वाजवत असणार.
मग चर्चच्या माडीवर जागा कमी,
हनुवटीखाली मावेल एवढी केली.
तिथलं रोगण घामानं खाल्लंय,
एकाच माणसाच्या कितीतरी रविवारांनी.

पण मानेच्या टोकाला कोरलेला सिंह,
त्याला नाक नाही.
ह्यात माझी दुपार गेली.
शेवटी जमिनीवर मांडी घातली, पोट छातीला लावलं,
सिंह उजव्या पायावर टेकवला, भजनाच्या साथीला बसतात तसा.
टाच बरोबर नाकावर.

'आमच्या आज्यान ती बाबल पार्सेकाराक दिली,
दोन मण भाताक,' रोझालिनबाय म्हणाली.
'बाबल गेलो, तशी त्याची बायल परत घेवन इली.
भात मागूक नाय.'

आत, झाकणाखाली, एक आडवी पट्टी.
शेजारी पेन्सिलीनं: पास्कू, १९२६, फणस.
फणस इथं चालत नाही. जड पडतो.
ज्या झाडाची पट्टी हवी ते आपल्या मातीत होत नाही,
नि पास्कूच्या परड्यात फणस होता.
उघडण्याआधी मी खालची तार छेडून पाहिली होती.
आवाज थोडा उशिरा येतो,
विहिरीत कळशी टेकल्यासारखा.

मूळची किती, ते कागदावर लिहून दिलं:
पोट, अर्धी पाठ, सिंह नाक सोडून.
तिनं वाचला, चार घड्या केल्या.
'ता जांव दे. वाजतली मां?'

पाठीच्या भेगेवर आतून शिवणीची चिपळी लावलीय,
नखाएवढी.
पेन्सिल कानावर आहे.
पास्कूच्या नावाखाली जागाही आहे.
झाकण उद्या. आज खारं वारं सुटलंय,
सरस धरणार नाही.