जिन्याकडची खिडकी

नाना पेठेत, सायकलच्या सुट्या भागांच्या दुकानावर
दोन टेबलं, एक ट्यूब, आणि पाटी माझ्याच अक्षरातली:
काचकाम शिकवले जाईल. चपला घालूनच आत यावे.
दुसऱ्या ओळीला लोक हसतात.
पहिल्या आठवड्यानंतर हसत नाहीत.

हिरा रॉकेलमध्ये बुडवायचा, एकदाच ओढायचा
आणि रेघ ऐकायची.
कापडवाला मांजरपाट फाडतो तो आवाज, पण फार लांबून.
आला तर बसली रेघ. नाही आला
तरी दुसऱ्यांदा तिच्यावरून जायचं नाही.
हे मी दर शनिवारी सांगते.
दर शनिवारी कुणीतरी जातंच.

मला पेणकर सरांनी शिकवलं.
कँपातल्या चर्चच्या, शाळांच्या खिडक्या उतरवून
पुन्हा बसवण्यात त्यांची हयात गेली.
म्हणायचे, काच मजबूत नसते गं,
ती नुसती दम धरून बसलेली असते.

तावरे बाईंना मोर हवाय.
सगळ्यांना आधी मोरच हवा असतो.
स्लायडिंगच्या दुकानातला लहू डोळे मिटून सरळ कापतो,
वळण आलं की त्याला घाम फुटतो.
मेहजबीन उरलेल्या चुऱ्याकडेच बघत बसते,
पुडी बांधून घरी नेते. कशाला, ते सांगत नाही.

आणि गव्हाणे काका. पीएमटीत कंडक्टर होते.
पक्कड हातात आली की टेबलाच्या कडेवर
टक टक वाजवतात, आणि सगळे जरा पुढे सरकतात.
त्यांना खिडकी हवी होती, चौदा बाय अठरा.
मी विचारलं, तोंड कुठे?
म्हणाले, जिन्याकडे.

मग उपयोग नाही, काका.
रंग काचेत नसतो, काचेमागे असतो.
फिकट तरी घ्या, मधाचा घ्या.
त्यांनी सगळ्यात गडद लाल काढला
आणि निळा, शाईच्या बाटलीच्या बुडासारखा.

अकरा शनिवार.
निळ्याचा एक तुकडा वळणावर तीनदा गेला.
चौथ्या वेळी मी त्यांचा हात धरणार होते. धरला नाही.
याला शिकवणं म्हणायचं की कंटाळा,
मला अजून ठरवता आलेलं नाही.
तुकडा निघाला.
तांब्याची पट्टी चिकटवली, दाभणाच्या मुठीने घोटली,
डाग देताना धुरात खोकले,
आणि खिडकी जुन्या धोतरात गुंडाळून रिक्षाने घेऊन गेले.

मग एका संध्याकाळी चहाला बोलावलं.
एक खोली, फळीवर डबे, आणि भिंतीत ती:
पाटीसारखी काळी.
मी कपातच बघत राहिले.
काका म्हणाले, थांबा.

खाली पावलं वाजली.
जिन्यात सोसायटीने तो दिवा बसवलाय,
चाहूल लागली की लागतो, मिनिटभराने जातो.
एकदम डब्यांवर निळं आलं,
काकूंच्या कोपरावर लाल,
माझ्या चहात कसलातरी तुकडा हलला.
काका तोंडातल्या तोंडात म्हणाले,
शेलारांची सून. पिशवी जड आहे आज.
दिवा गेला.
पुन्हा आला.
दुसरा मजला, क्लासवरून पोरगा, दोन दोन पायऱ्या.
गेला.
मग बराच वेळ कुणीच नाही.
काकू म्हणाल्या, साडेआठला गर्दी असते.

पेणकर सरांना उत्तर दिशा आवडायची,
दिवसभर न हलणारा उजेड.
त्यांना हे सांगायला हवं होतं.

निघताना मी सावकाश उतरले.
मधल्या पायरीवर थांबून
चपलेचा बंद नीट केला,
जो सैल नव्हता.